ऑप्शनला टाकलेलं नागरिकशास्त्र

१५ जानेवारीला, म्हणजे महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी, संध्याकाळी गिरगावात ताईकडे गेलो होतो. भाचीचं हे पहिलंच मतदान. ती एसवायबीकॉमला आहे. २०२४ ला यादीत नाव आलं नव्हतं म्हणून रडकुंडीला आली होती, त्यामुळे या वेळी उत्साह दांडगा. बोटावरच्या शाईचा फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकून झाला, कोणी काय लिहिलं ते आम्हाला वाचून दाखवून झालं, आणि मग चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसली.

"मामा, हसू नकोस हं. पण नगरसेवक नक्की करतो काय?"

मी हसलो नाही. भावोजी म्हणाले, "नळाला पाणी नाही आलं की त्याच्याकडे जायचं." ताई म्हणाली, "गणपतीत मंडपाची परवानगी." समोरच्या खोलीतले काका दारातूनच म्हणाले, "वाढदिवसाचे बॅनर लावतो!" सगळे हसले आणि विषय भजीवर गेला.

माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मग प्रभागांची रचना, आरक्षण, कोर्टकचेऱ्या, आणि जवळजवळ चार वर्षं मुंबईचा कारभार प्रशासकाने पाहिला. २२७ नगरसेवकांपैकी एकही जागेवर नाही. २०२५-२६ चं महापालिकेचं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं, आणि त्यावर सभागृहात उभं राहून "हे कशाला?" असं विचारायला आपण निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. ही मुलगी तेव्हा दहावीच्या परीक्षेला बसत होती. पुढे अकरावी, बारावी, एफवाय... तिची अख्खी कॉलेजची वर्षं नगरसेवकाशिवाय गेली आणि तिला ते कळलंही नाही. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "खरंच? मग इतके दिवस चाललं कसं?"

प्रश्न बिनतोड आहे. खरं सांगायचं तर घरातल्या मोठ्यांपैकीही निम्म्यांना ते जाणवलं नव्हतं.

आमच्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेलं शेपूट. बाई ते मार्चमध्ये दोन तासांत उरकायच्या आणि हुशार मुलं तो भाग ऑप्शनला टाकायची. पुढे युनिव्हर्सिटीने फाउंडेशन कोर्स आणला, त्यात घटना, मानवी हक्क सगळं होतं. पण तो कसा पास व्हायचा हे मुंबईत कॉलेज केलेल्या कोणालाही विचारा. आदल्या रात्री गाइड आणायचं, झालं. आणि जिथे हे करून बघता आलं असतं त्या कॉलेजच्या खुल्या निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्यापासून बंद. २०१६ च्या कायद्यात ती तरतूद परत आली, पण पुढची कित्येक वर्षं कागदावरच राहिली. मारामाऱ्या होत होत्या, खून पडले होते, हे मला मान्य आहे. तरीही पोहताना कोणी बुडालं म्हणून विहिरीच बुजवून टाकल्या, असं मला राहून राहून वाटतं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ताईला ठाऊक आहे, बाकीच्यांना नसेल.

मी बीए केलं ते राज्यशास्त्र घेऊन. प्लेटो, ॲरिस्टॉटल, लॉक, रूसो, मिल... सगळे पाठ. जॉन स्टुअर्ट मिलवरचं माझं उत्तर सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. (हे बायकोला इतक्यांदा सांगून झालंय की आता ती "मिल" म्हटलं की उठून आत जाते.) तर असा हा मिलचा अभ्यासक बारा-तेरा वर्षांपूर्वी लालबागच्या आमच्या चाळीच्या मीटिंगला गेला. रीडेव्हलपमेंटचा विषय होता. सेक्रेटरी सगळ्यांच्या माहितीतले, अडीअडचणीला धावणारे, देवमाणूस. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. वरचा मजकूर लिहायचा होता, म्हणाले सह्या करून ठेवा, वेळ वाचेल. मी केली. माझ्या आधी एकवीस जणांनी केल्या होत्या, माझ्यानंतर उरलेल्यांनी केल्या. नंतर त्या जागेवर जो ठराव लिहिला गेला त्यात बिल्डरशी बोलायचे, अटी ठरवायचे, बदलायचे सगळे अधिकार एकट्या सेक्रेटरींना होते. त्यांनी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, मला तसं वाटतही नाही. त्यांना त्या करारातलं काही कळत नव्हतं एवढंच. घरं रिकामी केली, दीड वर्षाने भाडं यायचं थांबलं, आणि जाब विचारायला गेलो तर आमच्याच सह्या आमच्यासमोर ठेवल्या. थोरला भाऊ आणि वहिनी सात वर्षं बदलापूरला भाड्याने राहिले. भाऊ तिथेच गेला. नव्या घराची चावी वहिनीने घेतली.

आपलं स्वातंत्र्य कितीही थोर माणसाच्या पायाशी वाहू नये, असं मिलचं सांगणं होतं. मी त्यावर चार पानं लिहून मार्क मिळवले होते. रजिस्टर पुढे आलं तेव्हा ते आणि हे एकच आहे हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

माझ्या मनातली खरी तक्रार ही आहे. घटना, वॉर्ड, ठराव हा एक विषय आणि ग्रीस, इंग्लंड, फ्रान्स हा दुसरा विषय असं आपण शिकवतो. पहिला कंटाळवाणा म्हणून सोडायचा, दुसरा परका म्हणून घोकायचा. या दोन्हींची गाठ ज्या माणसाने मारली तो आपल्याच परळचा. बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब आंबेडकर वर्षानुवर्षे राहिले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ ला बीए, आणि १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. ज्या प्राध्यापकांचं ऋण ते पुढे आयुष्यभर मानत राहिले त्यांत जॉन ड्यूई होते, सेलिग्मन होते, आणि युरोपच्या विचारांचा इतिहास शिकवणारे जेम्स हार्वे रॉबिन्सनही होते. गंमत बघा, पाश्चात्त्य संस्कृतीची ओळख प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो डॉक्टर होवो की वकील, करून द्यायची असा जो अभ्यासक्रम अमेरिकेत गाजला तो याच कोलंबियात १९१९ मध्ये सुरू झाला. बाबासाहेब त्याच्या तीनच वर्षं आधी तिथून निघाले होते.

त्यांनी ते शिक्षण कुठे वापरलं? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी ग्रोट या इंग्रज इतिहासकाराचा आधार घेतला. ग्रोटने ग्रीसचा बारा खंडी इतिहास लिहिलाय. घटनेतली नीती माणसात उपजत नसते, ती मुद्दाम अंगी बाणवावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असा त्यांचा मुद्दा होता. राज्यकारभाराचे इतके बारीक तपशील घटनेत का घातले, या आक्षेपाला दिलेलं ते उत्तर होतं. म्हणजे अथेन्सवर लिहिलेल्या पुस्तकातून त्यांनी आपल्या घटनेच्या जाडीचं कारण काढलं! आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात भक्तीच्या राजकारणाबद्दल इशारा देताना त्यांनी मिललाच साक्षीला घेतलं. तोच मिल, तेच वाक्य. मी परीक्षेत लिहिलेलं.

"पण मामा, हे सगळं त्यांचंच का वाचायचं? आपल्याकडे काही नव्हतं का?" हा भाचीचा दुसरा प्रश्न. हल्ली हा प्रश्न मोठे लोकही विचारतात, आणि जरा चढ्या आवाजात.

होतं की. त्याच १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध भिक्षुसंघाचा दाखला दिलाय. कोणी कुठे बसायचं, ठराव कसा मांडायचा, किती जण हजर असले की बैठक खरी, मतं कशी मोजायची, याचे नियम संघात होते आणि पुढे आपण ते हरवून बसलो. आणि 'त्यांचं' म्हणजे सगळं सोनं असंही नाही. अथेन्सच्या लोकशाहीत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते. मिलसाहेबांनी तर उभी हयात ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी केली, आणि स्वातंत्र्यावरच्या त्यांच्या त्या प्रसिद्ध पुस्तकात 'मागासलेल्या' समाजांना वगळून टाकलं. म्हणजे तुम्हाआम्हाला! ज्याला हे माहीत नाही त्याने मिल वाचला असं मी म्हणणार नाही.

पण आपल्या लोकांनी हे वाचलं ते डोळे उघडे ठेवून. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं आणि ते इथल्या जातींना लावून पाहिलं. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून मुंबईच्याच 'प्रभाकर' मधून आली. आगरकरांनी मिल-स्पेन्सर पचवून मराठीत भांडणं केली. गिरगावच्या नाना शंकरशेटांनी १८५२ ला बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज केला. तुमचंच तत्त्व, आता आम्हाला का नाही? ते तत्त्व वाचलेलंच नसतं तर अर्जात लिहिणार काय होते?

आणि यासाठी बीए व्हावं लागत नाही. आमचे अण्णा सातवी पास, गिरणीत साच्यावर होते. १ मे म्हटला की त्यांना १८८६ चं शिकागो आठवायचं, आठ तासांचा दिवस कसा मिळाला ते आम्हाला जेवताना सांगायचे. हे ते शिकले युनियनच्या गेटसभांत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, सभाही गेल्या. मंडळाच्या गणपतीचा जमाखर्च चाळीत वाचून दाखवला जायचा तेव्हा हेच अण्णा "नारळाचे पैसे गेल्या सालापेक्षा जास्त का?" असं विचारायला उभे राहायचे. आम्हा पोरांना लाज वाटायची. त्या एका नारळाच्या प्रश्नात बजेटवरची चर्चा होती हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. आणि मी त्यांचाच मुलगा, रजिस्टरवर कोरी सही करून आलो.

मला कोणी विचारत नाही, पण विचारलंच तर कॉलेजच्या मुलांना मी आधी वॉर्ड ऑफिसात पाठवीन. गिरगावच्यांना नाना चौकात डी वॉर्डला, परळ-लालबागच्यांना एफ साउथला. आपल्या गल्लीतल्या एका गटाराचा कागद कुठून कुठे जातो तो शोधून आणा म्हणावं. मग १८८८ चा महापालिकेचा कायदा उघडायचा, जो अजून चालू आहे आणि ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा हात होता (बोरीबंदरला महापालिकेसमोर ज्यांचा पुतळा आहे आणि ज्यांच्याकडे कोणी बघत नाही ते). आणि मग मेहतांना ही कल्पना आली कुठून, लंडनमध्ये ते काय बघून आले, तिथल्या लोकांनी ते कुणाशी भांडून मिळवलं, असं मागे मागे जायचं. गटारापासून ग्रीसपर्यंत. उलट दिशेने शिकवलं की काय होतं ते माझ्यावरून दिसतंच आहे. वर्ग घ्यायला नवे प्राध्यापक नकोत, फार पुस्तकंही नकोत. दादरला नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आगरकर धूळ खात... नको, धूळ खात म्हणत नाही, तिथली माणसं फार प्रेमाने सांभाळतात. वाचणारे नाहीत एवढंच.

यावर भावोजींचं म्हणणं असं की मुलांना सीए व्हायचंय, नोकऱ्या मिळवायच्यात, हे कधी करणार? बरोबर आहे त्यांचं. मला त्याचं उत्तर नीट देता येत नाही. फक्त बदलापूरची सात वर्षं डोळ्यांसमोर येतात.

तर पुढचं. ताईच्या चाळीतही आता रीडेव्हलपमेंटचं वारं आहे. गेल्या रविवारी मीटिंग होती. भावोजींना बरं नव्हतं म्हणून भाचीला पाठवलं. मी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हण, आणि नुसत्या कागदावर सही करू नकोस.

रात्री फोन आला. तिने हात वर करून मागितलं. पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी "अगं, साहेब आहेत ना बघायला" म्हणालं. ती उभीच राहिली. मग दोन नंबरच्या खोलीतल्या आजी (वय ८४) म्हणाल्या, "वाचा की हो, मलापण ऐकायचंय." सेक्रेटरींना चष्मा सापडेना. मग रजिस्टर सापडेना. ते घरी राहिलंय असं ठरलं आणि मीटिंग पुढच्या रविवारवर गेली.

"मामा, सगळे माझ्यावर चिडलेत," ती म्हणाली. "आणि तू त्या कोणाचं पुस्तक सांगत होतास, मिल की कोण, ते मराठीत आहे का?"

माळ्यावरची पेटी काढली आहे. शोधतोय.