संदेश कोठे शोधावा?

एखाद्या जुन्या चित्रपटाची नवी दूरचित्रवाणी मालिका निघाली की एक तक्रार हमखास कानी येते: पूर्वी निखळ करमणूक होती, आता गोष्टीच्या आडून राजकारण आणि समाजसुधारणा पाजली जाते. उलट पक्षाचे लोक पुरोगामी वाक्ये मोजून मालिकेस गुण देतात. आमच्या मते हे दोन्ही परीक्षक एकच चूक करतात. संदेश संवादांतच असतो, असे ते गृहीत धरतात.

'लीथल वेपन'चे उदाहरण घेऊ. रिग्ज हा बेफाम गोरा पोलीस आणि मर्टॉ हा त्याचा संसारी कृष्णवर्णीय सहकारी. ही जोडी १९८७ च्या चित्रपटात प्रथम आली आणि २०१६ ते २०१९ या काळात अमेरिकेत तिच्यावर मालिका झाली. जुने ते निखळ, असे मानणाऱ्यांनी १९८९ चा दुसरा चित्रपट आठवावा. त्यातील खलनायक दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीचे राजनैतिक अधिकारी होते आणि नेल्सन मंडेला तेव्हा तुरुंगातच होते. याहून उघड राजकारण ते कोणते? ते उपदेश वाटत नाही, कारण ते कथानकातच मुरलेले आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नाटकाची हौस जपणाऱ्या आपल्या घराण्यांना हे नव्याने सांगावयास नको. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची कथा महाभारतातली. तरी तीतला कर्झन प्रेक्षकांनी ओळखला, सरकारनेही ओळखला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

मालिकेतही जे चांगले आहे ते न बोलताच येते. मर्टॉची पत्नी वकील आहे. सुस्थितीतले, हसतेखेळते कृष्णवर्णीय घर कोणत्याही व्याख्यानाविना आपल्यापुढे उभे राहते. परंतु दुसराही एक संदेश तितक्याच मुकाट्याने येतो आणि आमचा खरा आक्षेप त्यावर आहे. पत्नी आणि तिच्या पोटातले मूल अपघातात गमावल्यामुळे रिग्ज जिवावर उदार झालेला आहे. त्या दुःखापोटी त्याला सारे माफ होते. तो नियम मोडतो, वरिष्ठ रागावतात, मर्टॉ वैतागतो, आपण हसतो आणि पुढच्या भागात तो पुन्हा कामावर हजर! ज्यांच्यावर तो हात टाकतो, त्यांच्या दुःखाला मात्र पडद्यावर फारशी जागा नसते. मनुष्य मनाचा चांगला असला की त्याने कायदा मोडला तरी चालतो, हीच ती शिकवण. १९८९ मध्येही तीच होती. रिग्जवर गोळ्या झाडून राजनैतिक संरक्षणाचे ओळखपत्र पुढे करणाऱ्या अधिकाऱ्यास मर्टॉ तिथेच ठार करतो आणि आपल्याला न्याय झाल्याचे समाधान मिळते.

२०२० मध्ये मिनियापोलिस येथे एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला, तेव्हा या शिकवणीची दुसरी बाजू जगाने पाहिली. पोलीस चकमकीत कोणी मारला गेला की निवाड्याची वाट न पाहता पेढे वाटणाऱ्या आपल्या समाजानेही ती पाहावी.

म्हणून मालिका तपासताना कोण काय बोलले याची मोजदाद पुरे झाली. कोणाला क्षमा मिळाली आणि कोणाची दखलही घेतली गेली नाही, एवढे पाहिले की तिचे राजकारण आपोआप कळते.