अद्वितीय लोणचीं

दिवाळी जवळ आली कीं फराळाच्या जाहिरातींचा पाऊस पडूं लागतो, आणि त्यांची भाषा पाहावी तर सर्व एकाच लेखणींतून उतरल्यासारख्या! प्रत्येकाची चकली ‘अप्रतिम’, प्रत्येकाचें लोणचें ‘अद्वितीय’. अद्वितीय म्हणजे ज्यास दुसरा नाहीं असें. एकाच पेठेंत पांच अद्वितीय लोणचीं नांदूं लागलीं, तर त्या बिचाऱ्या शब्दानें राहावें कोठें? ‘उत्तम’ची दैना याहून मोठी. त्यांतील ‘तम’ हा प्रत्ययच मुळीं ‘सर्वांत वरचा’ असें सांगतो. तेवढ्यानें भागेना म्हणून ‘सर्वोत्तम’ आला, आणि तोहि पुरेना म्हणून आतां त्याच्यापुढें उद्गारचिन्हें उभीं करतात.

हा केवळ व्याकरणाचा रुसवा नव्हे. शब्द झिजला म्हणजे खरें बोलणाराचें नुकसान होतें. कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पांच जिल्ह्यांपुरतें तें नांव आहे. तरीहि परप्रांतांतील आंब्याच्या पेटीवर ‘अस्सल देवगड’ हीं अक्षरें झळकतात. मग देवगडच्या बागाईतदारानें तेच शब्द खरेपणानें लिहिले, तरी गिऱ्हाईक त्याच्याकडेहि संशयानेंच पाहतें.

सरकारासहि यांत पडावें लागलें. ‘ताजें’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ हे शब्द खाद्यपदार्थांवर केव्हां वापरावे, याचे नियम २०१८ सालीं झाले. आणि २०२४ च्या जूनमध्यें, आटविलेल्या रसांत पाणी मिसळून केलेल्या पेयांवरून ‘शंभर टक्के फळांचा रस’ हे शब्द काढण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणानें फर्माविलें. पाणिनीवर असा प्रसंग आला नव्हता!

आमच्या वाचकांच्या घरींहि कित्येक लेकीसुना पदार्थ करून विकतात. त्यांस आम्ही एक कसोटी सुचवितों. जो शब्द आपण लिहिला, त्याचा उलट शब्द कोणी आपल्या मालावर लिहील काय? ‘बेचव चिवडा’ असें कोणीच छापीत नाहीं. मग ‘चविष्ट’ लिहून आपण सांगितलें काय? ‘तिखट’ लिहिलें तर मात्र ‘कमी तिखट’ लिहिणाराहि असतो. म्हणून तो शब्द कामाचा. ‘स्वादिष्ट घरगुती मेतकूट’ हें खोडून, ‘डाळ, तांदूळ व गहूं मंद आंचेवर भाजून केलेलें, हिंग घातलेला आहे, दळण या मंगळवारचें’ असें लिहावें. स्वादिष्ट कीं काय, तें खाणारा ठरवील.

पुण्यांतील ‘आमची कोठेंहि शाखा नाहीं’ या पाटीची थट्टा पुष्कळ होते. परंतु तींत एकहि विशेषण नाहीं, आणि ती खोटी असली तर पकडतां येते. हा गुण ‘सुप्रसिद्ध’मध्यें नाहीं.

मात्र दळणाचा वार लिहिला, म्हणजे दर खेपेस तो बदलण्याची आठवण ठेवावी लागेल.