देवाचे लाडके?

काही वाक्यांचा रुबाब असा असतो की त्यांना 'तुझे गाव कोणते?' असे विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही. 'देवांना जो आवडतो तो तरुणपणीच मरतो' हे त्यांतलेच एक. उमलत्या वयात कोणी गेले की शोकसभेत कोणीतरी उठतो, 'एक ग्रीक तत्त्ववेत्ता म्हणतो' अशी प्रस्तावना करून हे वाक्य उच्चारतो आणि ऐकणारे मान डोलावतात. वृत्तपत्रांतल्या श्रद्धांजलीच्या चौकटींत याच अर्थाच्या मराठी ओळी छापून येतात. वाक्य ग्रीक आहे, हे खरे. पण ते कोणी, कोणाला आणि कशासाठी म्हटले?

शोध घेऊ लागले की पहिला धक्का बसतो तो असा की हे वाक्य कोणा तत्त्ववेत्त्याचे नाहीच. ते अथेन्सच्या मिनँडरचे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात आपली कारकीर्द सुरू करणारा हा नाटककार सुखात्मिका लिहीत असे. कंजूष बाप, उधळे चिरंजीव आणि दोघांनाही गुंडाळणारा चतुर गुलाम हे त्याच्या रंगभूमीचे नेहमीचे मानकरी. ज्या नाटकात हे वाक्य होते त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'दोनदा फसवणारा' असा आहे! ते नाटक कालौघात नष्ट झाले. त्याचा एक तुकडा इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस येथील पपायरसांत सापडला आणि १९६८ साली एरिक हँडली या विद्वानाने तो जगापुढे ठेवला.

या तुकड्यामुळे एक गोष्ट पक्की झाली. रोमन नाटककार प्लॉटस याने याच नाटकावरून आपले 'बाकिडीझ' हे लॅटिन नाटक बेतले होते आणि ते आपल्याला वाचायला मिळते. त्यात हे वाक्य क्रिसॅलस नावाच्या गुलामाच्या तोंडी आहे. म्हातारा धनी त्याला बांधून घालण्याचा हुकूम देतो. तोही गुलामाच्याच कारस्थानाचा भाग असतो. बांधला जात असताना तो धन्याला ऐकवतो की देवांचे ज्याच्यावर प्रेम असते तो हातीपायी धड आणि शुद्धीवर असतानाच जातो. या थेरड्यावर कोणा देवाचे प्रेम असते तर तो दहा-वीस वर्षांपूर्वीच गेला असता. आता तो नुसता भुईला भार झाला आहे. म्हणजे ज्या वाक्याने आपण डोळे पुसतो ते रंगभूमीवर प्रेक्षकांना हसवण्यासाठी आले होते! त्यात मेलेल्या तरुणाचे सांत्वन नाही, जिवंत म्हाताऱ्याची टिंगल आहे.

मग टिंगलीचे सांत्वन झाले कसे? प्लूटार्कच्या नावावर मोडणारे एक सांत्वनपत्र आहे. ते अपोलोनिअस नावाच्या, तरुण मुलगा गमावलेल्या बापाला उद्देशून लिहिले आहे. त्यात मिनँडरची ही ओळ गंभीरपणे उद्धृत केलेली आहे. पुढे पाचव्या शतकात स्टोबिअसने आपल्या वेच्यांच्या संग्रहात ती घेतली. नाटक गेले, पात्र गेले, प्रसंग गेला. उरले ते सुभाषित. सुभाषितसंग्रहांचा हा गुणही आहे आणि दोषही. ते वाक्य जगवतात, पण त्याचे तोंड कापून ठेवतात.

यावर कोणी म्हणेल, विचार तर मिनँडरच्याही आधीचा आहे. बरोबर आहे. हिरोडोटसने सांगितलेली आर्गॉसच्या क्लिओबिस आणि बिटॉन या भावांची कथा प्रसिद्ध आहे. हेरा देवीच्या उत्सवाला आईला न्यायचे, पण बैल वेळेवर आले नाहीत. तेव्हा दोघांनी स्वतः जू खांद्यावर घेतले आणि पंचेचाळीस स्टेडिया, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर, गाडी ओढली. माणसाला लाभावे असे सर्वोत्तम ते मुलांना मिळो, असे आईने देवीकडे मागितले. मुले देवळातच झोपली ती पुन्हा उठली नाहीत. लोकांनी डेल्फीला त्यांचे पुतळे उभारले. ही कथा सोलोन हा ज्ञानी क्रीसस राजाला ऐकवतो. परंतु त्या आईचे पुढे काय झाले, हे हिरोडोटस सांगत नाही. मला वाटते, सगळा प्रश्न या न सांगितलेल्या ओळीत आहे.

बायरनने १८२१ साली 'डॉन जुआन'च्या चौथ्या सर्गात हे वचन 'पूर्वी कोणी म्हटले आहे' अशा थाटात योजले. तीन वर्षांनी, ग्रीसच्या स्वातंत्र्यलढ्यासाठी गेला असता, मिसोलाँगी येथे तो छत्तिसाव्या वर्षी वारला. तो देवांचा लाडका होता की नाही, देव जाणे! त्याला ताप आला होता आणि वैद्यांनी त्याचे रक्त पुन्हा पुन्हा काढले होते, एवढे मात्र नक्की. आपले केशवसुत १९०५ साली हुबळीस प्लेगने गेले. ज्या रोगावर हाफकिन यांनी १८९७ सालीच मुंबईत लस तयार केली होती, तो हा रोग. बालकवी १९१८ साली रेल्वेखाली सापडले. या मृत्यूंना 'देवाची आवड' म्हटले की प्लेग, रूळ आणि वैद्याची सुरी हे सारे नजरेआड होते. आवडीला कारण विचारायचे नसते ना!

माझा या वाक्यावरचा खरा आक्षेप हाच आहे. एखादी आई स्वतःच्या मनाची समजूत घालण्यासाठी 'देवालाच तो हवा होता' म्हणाली, तर तिच्याशी वाद घालणारा माणूस नव्हे. दुःख ज्याचे, समजूतही त्याची. पण तेच वाक्य व्यासपीठावरून दुसऱ्याने म्हटले की त्याचा अर्थ बदलतो. धोकादायक वळणावर, उपचारांच्या अभावी किंवा परीक्षेच्या धास्तीने एखादा विद्यार्थी जातो, तेव्हा 'का गेला?' हा प्रश्न विचारणे हे मागे राहिलेल्यांचे कर्तव्य असते. हे सुंदर वाक्य त्या प्रश्नावर पांघरूण घालते. देवाच्या अंगावर जबाबदारी ढकलली की माणसे मोकळी!

वचने पाठ करण्याची आपल्याला फार हौस. वक्तृत्वाच्या वहीत ती उतरवून घेताना शेजारी आणखी दोन शब्द लिहायला काय हरकत आहे? कोण म्हणाले आणि कोणाला म्हणाले. एवढे केले तरी पुढच्या शोकसभेत आपण थोडे कमी बोलू आणि गेलेल्याच्या घरच्यांकडे थोडे अधिक पाहू. मिनँडरच्या गुलामाला निदान ठाऊक होते की तो थट्टा करीत आहे. आपण मात्र ती थट्टा गंभीर चेहऱ्याने करीत आलो आहोत.