आठवड्यातील तीन दिवस

व्यायामशाळांच्या भिंतींवर टांगलेल्या वेळापत्रकांत छातीस एक दिवस, पाठीस दुसरा, पायांस तिसरा अशी देहाची जी सहा दिवसांत वाटणी केलेली असते, ती शरीरसौष्ठवाच्या स्पर्धकांस कितीही सोयीची असली, तरी पांढरकवड्याच्या तहसील कचेरीत दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनास अथवा केळापूर तालुक्यात कापूस पिकविणाऱ्या गृहस्थास ती निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा तजविजीत पायांचा एक दिवस बुडाला की पुढील आठवड्यापर्यंत पायांची हजेरी लागत नाही, आणि दोन-तीन खाडे झाले की मोठ्या उमेदीने आरंभिलेला उपक्रमच बारगळतो.

वस्तुतः अपेक्षा इतकी अवाजवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांखेरीज, सर्व प्रमुख स्नायूंस बळ देणारा व्यायाम किमान दोन दिवस करावा, एवढेच म्हटले आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस मुक्रर करून प्रत्येक दिवशी बैठका, जोर, आडव्या दांडीला धरून अंग वर ओढणे आणि जमिनीवरून वजन उचलणे या चारही क्रिया केल्यास एखादा दिवस चुकला तरी कोणतेही अंग वंचित राहत नाही, व मधल्या दिवशी स्नायूंस सावरण्याची मुभा मिळते. भार मात्र क्रमाक्रमाने वाढवीत गेले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांची दुर्बल झालेली अंगे पूर्ववत करताना अमेरिकन लष्करी वैद्य टॉमस डीलॉर्म यांनी याच तत्त्वाचा अवलंब केला होता.

साधनांच्या अभावाची सबब विदर्भाने तरी सांगू नये. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ व कसरती जगासमोर सादर करून आले, हा आपल्याच मुलखाचा इतिहास आहे.

शेतकऱ्याचा आक्षेप निराळा असतो: दिवसभर राबणाऱ्यास आणखी व्यायाम कशाला? चालण्या-फिरण्याच्या मिनिटांपुरता हा आक्षेप रास्त आहे. परंतु वेचणीच्या हंगामात तासन्तास वाकून राहणाऱ्या स्त्रीच्या कमरेस केवळ थकवा लाभतो, क्रमाने वाढणारा भार नव्हे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकणाऱ्या शेतकऱ्यास श्रम आणि विश्रांती यांचे नाते वेगळे शिकवावे लागू नये. तेच औदार्य त्याने स्वतःच्या व घरच्या माणसांच्या देहाप्रत दाखवावे. हंगामात एकच दिवस साधला तरी खंत करू नये, कारण बळ कमावण्यास जेवढा व्यायाम लागतो त्याहून पुष्कळच कमी व्यायामाने ते काही काळ टिकविता येते. आणि वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात सूर्योदयापूर्वीच हा कार्यक्रम उरकावा.

व्यायामशाळांच्या चालकांनी नवागताच्या हाती सहा दिवसांचे फर्मान देण्याऐवजी तीन दिवसांची साधी टाचणे द्यावीत, आणि नगरपरिषदेने ज्या सार्वजनिक जागी व्यायामाची सोय असेल तेथे एक वेळ स्त्रियांसाठी राखून ठेवावी. कारण या तालुक्यात ज्यांच्या कमरेवर कापसाचे अर्थकारण उभे आहे, त्यांनाच आजवर व्यायामशाळेचा उंबरठा सर्वांत दूरचा राहिला आहे.