करंटचे दारे कोण धरणार?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लावण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. आज विषय विहिरीवरचा घेतला आहे. कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाच्या खोडव्याच्या दोन पाळ्या चुकल्या, आणि त्यात आमचाही दोष होता.

त्याचे असे झाले. सभासदाने स्वतःच्या पैशाने सौर पट्ट्या बसवल्या आणि जुनीच साडेसात एच.पी.ची मोटार नव्या इन्व्हर्टर पॅनेलवर घेतली. पॅनेल सर्वांत स्वस्त होते. आम्हाला त्यांनी विचारले, "साहेब, मोटारीचा कपॅसिटर ठेवू का काढू?" वर्षानुवर्षे आम्ही कपॅसिटर लावा म्हणून सांगत आलो, तेच सांगितले. आठवड्याभरात पॅनेल जळाले. विकणारा म्हणाला मोटार खराब, मोटारवाला म्हणाला पॅनेल खराब. तोवर खोडवा वाळायला लागला.

पुढे घरगुती कामासाठी वसईला जाणे झाले. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत असली पॅनेले दुरुस्त करणारा एक कारागीर पाहुण्यांच्या ओळखीचा निघाला. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, इलेक्ट्रिकलची नव्हे. म्हणून पहिल्यापासून विचारले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आलात त्या गाडीतच सगळं आहे."

विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ साली आली. जुन्या गाड्यांत सुरू होताना मोटारीने जादा करंट ओढू नये म्हणून मध्ये मोठे रोध घालीत आणि वेग वाढेल तसे ते कमी करीत. अडवलेली वीज उष्णता होऊन फुकट जाई. २००७ पासून पश्चिम रेल्वेवर थ्री फेज मोटारींच्या नव्या गाड्या येऊ लागल्या. त्यांत इन्व्हर्टर मोटारीला लागेल तेवढाच करंट देतो. ब्रेक लावताना तीच मोटार जनरेटर होते आणि वीज तारेत परत जाते.

आपल्या विहिरीवरचे पॅनेल याच जातीचे, फक्त लहान. मोटार डायरेक्ट चालू केली की क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. साडेसातची मोटार चालताना दहा-अकरा अँपिअर घेत असेल, तर सुरू होताना पन्नास-साठच्या वर जाते. इन्व्हर्टर डी.सी. विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतो आणि त्यांतून हवी ती ए.सी. घडवतो, म्हणून मोटार हळूहळू उठते. ढग आला की वेग कमी करतो, ऊन आले की वाढवतो.

पण तुकडे नीट पडताहेत का, हे कोणी पाहायचे? इथे दारे धरणाऱ्याची आठवण ठेवा. तो सरीत पाणी किती चालले ते पाहतो, जास्त झाले की माती ओढतो, कमी झाले की दारे मोठे करतो. पॅनेलमध्ये करंट मोजणारा भाग हा त्याचा डोळा आणि आतले ट्रान्झिस्टर हे दारे. डोळा मंद असला की बांध फुटतो.

एक फरक मात्र आहे. पाण्यात आपण आधी पुढचे दारे फोडतो, मग मागचे बांधतो. इन्व्हर्टरमध्ये उलट. वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर एकदम उघडे राहिले तर सरळ शॉर्ट. म्हणून आधी एक बंद, किंचित थांबायचे, मग दुसरा चालू. या थांबण्याने करंटचा आकार बिघडतो आणि मोटार हिसके देते, तापते. चांगले पॅनेल ती चूक भरून काढते, हलके पॅनेल सोडून देते.

आता कपॅसिटरचे. साध्या स्टार्टरवर तो योग्यच, तो सल्ला कायम. पण इन्व्हर्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला, कपॅसिटर कधीही ठेवू नये. तुकड्यातुकड्याने येणारी वीज त्यात एकदम घुसते आणि करंटचे फटके ट्रान्झिस्टरला बसतात. चांगले पॅनेल ते ओळखून बंद पडले असते. आमच्या सभासदाचे पडले नाही. पण कपॅसिटर ठेवा म्हणणारे आम्हीच होतो. त्यांच्या घरी जाऊन आम्ही तसे सांगितले, आणि आज इथेही लिहून ठेवतो.

तेव्हा पॅनेल घेताना नुसता एच.पी. आणि भाव विचारू नका. तिन्ही फेजचा करंट मोजते का? मोटारीच्या पाटीवरचा अँपिअर त्यात भरता येतो का? विहिरीचे पाणी संपले तर मोटार आपोआप थांबते का? पॅनेलपासून मोटार लांब असेल तर मध्ये चोक बसवला आहे का? अर्थिंग केले आहे का? आणि पॅनेलच्या पुढे साध्या टंग टेस्टरचा आकडा फसवा येतो, हे वायरमनला सांगा.

हाच प्रश्न मिलवरही आहे. उसाचा लोंढा एकदम आला की मिलच्या मोटारीवर भार चढतो. ड्राइव्हने करंट वेळेत सांभाळला नाही तर मिल थांबते, आणि मिल थांबली की फडातला तोडलेला ऊस वाळतो. नुकसान शेवटी सभासदाचेच. म्हणून ड्राइव्ह खरेदीचा विषय येईल तेव्हा सर्वांत कमी दराच्या निविदेवर भागवू नये. भार एकदम चढवून चाचणी दाखवा, असे आपणच म्हणावे.

आमची मागणी एवढीच. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्याने आय.टी.आय. झालेल्या सभासदांच्या मुलांना शिकवावे, आणि प्रत्येक गट ऑफिसला पॅनेल तपासू शकणारा एक तरी माणूस असावा. बेणे तपासल्याशिवाय आपण लावत नाही. मग विहिरीवर दारे धरणारा न पाहता का ठेवायचा? येत्या वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा.