घर विकण्याआधीचे वर्ष

पुण्यातील जुन्या सदनिकांच्या बाजारात सौदा ठरण्याचा एक क्रम रूढ झालेला आहे. विक्रेता मध्यस्थाला अपेक्षित किंमत सांगतो, ग्राहक दोन-तीनदा घर पाहून जातात, घासाघीस होते, विसार म्हणून काही रक्कम दिली जाते आणि मगच ग्राहकाचा वकील कागदपत्रांची मागणी करतो. कागदातील उणीव या टप्प्यावर उघडकीस आली की तिचा अर्थ बदलतो. घरात राहताना जी केवळ राहून गेलेली नोंद होती, ती आता किंमत पाडण्याचे कारण ठरते, विसार परत करण्या-न करण्यावरून वाद होतो, आणि विक्रेत्याने त्या रकमेच्या भरवशावर दुसऱ्या घराचा शब्द दिलेला असेल तर दोन्ही व्यवहार एकाच वेळी अडचणीत येतात. खरेदीपूर्वीच्या तपासणीवर पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या हाती मूळ कागद आहेत, ज्याला कुटुंबाचा व इमारतीचा इतिहास ठाऊक आहे आणि ज्याच्यापाशी घाई नसताना वेळ असतो, तो विक्रेता असतो. म्हणून तयारीची पहिली जबाबदारी त्याची आहे आणि ती जाहिरात देण्याच्या किमान वर्षभर आधी सुरू व्हायला हवी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या तयारीचा आरंभ एका साध्या प्रश्नाने होतो: विकले जाणार आहे ते नेमके काय? कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर किंवा सिंहगड रस्ता या भागांत शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन इमारतींतील मालकीचे स्वरूप कायद्याच्या दृष्टीने भिन्न असू शकते. जेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली गृहनिर्माण संस्था नोंदलेली असते, तेथे सदनिकाधारक संस्थेचा सभासद असतो, त्याच्याकडे भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, असतो आणि जमीन व इमारत संस्थेच्या नावे होणे अपेक्षित असते. जेथे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० लागू केलेला असतो, तेथे इमारतीचे घोषणापत्र नोंदवून प्रत्येक धारकाला स्वतंत्र अपार्टमेंट डीड करून दिले जाते आणि सदनिकेबरोबर जमिनीतील अविभक्त हिस्साही ठरावीक टक्केवारीने त्याच्या मालकीचा होतो. पुण्यात हा दुसरा प्रकार बराच आढळतो, आणि अनेक धारकांनी बिल्डरशी केलेला करारनामा हाच शेवटचा दस्त समजून अपार्टमेंट डीड कधी करूनच घेतलेले नसते. बिल्डर किंवा मूळ जमीनमालक हयात आणि सापडण्याजोगा आहे तोवरच ही उणीव सुखासुखी भरून निघते.

त्यानंतर येते ती दस्तांची साखळी. बिल्डरने पहिल्या ग्राहकाला करून दिलेल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक दस्त मुळात उपलब्ध असावा, तो नोंदवलेला असावा आणि त्यावर पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले असावे, अशी ही अपेक्षा आहे. ऐंशीच्या दशकातील करारांच्या बाबतीत येथे एक तारीख निर्णायक ठरते. १० डिसेंबर १९८५ पासून सदनिकेचा ताबा देणारा करार मुद्रांक शुल्कापुरता अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी हस्तांतराचा दस्त, मानला जाऊ लागला. त्यापूर्वीचे करार किरकोळ किमतीच्या मुद्रांकावर झालेले दिसतात. त्यानंतरच्या कमी मुद्रांकाच्या दस्तांवर मात्र फरकाची रक्कम आणि दंड यांचे ओझे राहते. राज्य शासनाने १ डिसेंबर २०२३ पासून राबवलेल्या अभय योजनेत १९८० ते २०२० या काळातील दस्तांना शुल्कात व दंडात सवलत दिली होती. अशी संधी पुन्हा केव्हा मिळेल हे कोणाच्या हाती नसल्याने, सवलतीची वाट पाहत सौदा अडकवून ठेवण्यापेक्षा दस्त अभिनिर्णयासाठी, म्हणजे योग्य शुल्क किती ते अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे सादर करणे अधिक शहाणपणाचे आहे.

या साखळीतील दुव्यांमध्ये सर्वांत बोलका कागद म्हणजे सूची क्रमांक २, ज्याला व्यवहारात सगळे इंडेक्स टू म्हणतात. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवला की त्याचा सारांश या एकाच पानावर उतरतो. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचे वर्णन, क्षेत्रफळ, लिहून देणारा व लिहून घेणारा, दस्ताचा आणि नोंदणीचा दिनांक, भरलेले मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क अशा क्रमाने त्यातील रकाने असतात. विक्रेत्याने हे पान मूळ दस्ताशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहावे. नावातील एक अक्षर, सर्व्हे क्रमांकातील एक हिस्सा किंवा चौरस फूट आणि चौरस मीटर यांची झालेली अदलाबदल या चुका नोंदणीच्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि ग्राहकाच्या बँकेचा पॅनेलवरचा वकील त्या नेमक्या शोधून काढतो. दोन्ही मूळ पक्षकार सहीसाठी उपलब्ध असतील तर चूकदुरुस्ती दस्ताने हे काम एका दिवसात होते. त्यांतील एक जण परदेशी गेला असेल किंवा निवर्तला असेल, तर त्यातच महिने जातात.

तथापि, पुण्या-मुंबईतील जुन्या घरांचे सर्वाधिक सौदे ज्या कारणाने खोळंबतात, ते कारण दस्तात नसून कुटुंबात असते. वडिलांनी सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकात घेतलेली सदनिका, त्यांच्या पश्चात नामनिर्देशनाच्या, म्हणजे नॉमिनेशनच्या, आधारे एका मुलाच्या नावे झालेला भाग दाखला, आणि त्या मुलाला आपण एकटे मालक आहोत असा प्रामाणिकपणे वाटणारा विश्वास, असे हे चित्र असते. भाग दाखल्याच्या मागील बाजूस हस्तांतरांच्या नोंदींचा छोटा तक्ता छापलेला असतो. त्यात नव्या सभासदाचे नाव, सभेची तारीख आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या एवढेच असते. ही नोंद कोणत्या आधारावर झाली, मृत्युपत्रावर, वारस दाखल्यावर की केवळ नामनिर्देशनावर, हे त्या तक्त्यावरून कळत नाही. आणि मालकीचा सारा प्रश्न तर त्या आधारावरच अवलंबून असतो. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मिळकत सांभाळणारी असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात विम्याच्या रकमेसंदर्भात मांडले. सहकारी गृहनिर्माण संस्थेसंबंधीच्या इंद्राणी वाही खटल्यात २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने संस्थेला नामनिर्देशनानुसार नोंद करणे भाग आहे असे म्हटले, पण इतर वारसांना आपला हक्क सक्षम न्यायालयात मागण्याची मोकळीकही ठेवली. महाराष्ट्रात २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि नामनिर्देशिताचा दर्जा, कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंतचा तात्पुरता सभासद, असा स्पष्ट करण्यात आला.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, मृत्युपत्र नसताना हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित सदनिकेवर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार त्याची पत्नी, आई, प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी यांचा सारखा हिस्सा असतो, आणि मुलीचे लग्न कधी झाले किंवा तिच्या लग्नात किती खर्च झाला याचा त्या हिश्श्याशी काहीही संबंध नसतो. बहिणीने हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. तोंडी संमती किंवा साध्या कागदावरील सही पुरत नाही. वारसांमध्ये मोबदल्याशिवाय होणाऱ्या अशा दस्ताचा मुद्रांकखर्च सहसा नाममात्र असतो, त्यामुळे तो न करण्यामागे पैसा हे कारण क्वचितच असते; विषय काढायचा कसा, हा संकोच मात्र असतो. हा संकोच समजण्यासारखा असला तरी त्याची किंमत बहिणींना मोजावी लागते, कारण ग्राहक दारात उभा असताना आणि विसार घेऊन झाल्यावर मागितलेली सही ही विनंती न राहता दबाव होते. सर्व वारसांना एकत्र बसवून, कोण हिस्सा घेणार आणि कोण सोडणार हे मोकळेपणाने विचारून, घेणाऱ्याला विक्रीच्या रकमेतून त्याचा वाटा देण्याचे ठरवून मगच घर बाजारात आणणे, हा कायद्याचा मार्ग आहे आणि नातेसंबंध टिकवण्याचाही तोच मार्ग आहे. मराठी दैनिकांत रोज छापल्या जाणाऱ्या जाहीर नोटिसा, ज्यांत मिळकतीवर कोणाचा हक्क वा बोजा असल्यास अमुक दिवसांत हरकत कळवावी असे आवाहन असते, त्या अशा घरगुती वादांना आमंत्रण न ठरता केवळ औपचारिकता राहाव्यात, अशी स्थिती विक्रेत्यानेच निर्माण करायची असते.

कर्जाचा भाग तुलनेने सोपा आहे. फिटलेल्या कर्जाची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करावीत आणि विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तरीही कागद हाती आल्यावर गहाणाची नोंद सर्व ठिकाणांहून उतरली की नाही हे विक्रेत्याने स्वतः पाहिले पाहिजे.

क्षेत्रफळ आणि वाहनतळ यांबाबत मात्र अधिक सावधपणा हवा. जुन्या करारांत बिल्टअप क्षेत्र लिहिलेले असते, मध्यस्थ जिना आणि लॉबीचा वाटा मिळवून सुपर बिल्टअप सांगतो, आणि ग्राहकाला हवे असते ते चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. विक्रेत्याने खोल्यांची मापे घेऊन, ती मंजूर नकाशाशी पडताळून एकच आकडा सर्वांना सांगितला, तर घासाघिशीतील निम्मा संशय संपतो. बंदिस्त केलेली बाल्कनी नकाशात नसेल तर ती क्षेत्रफळात धरू नये आणि ग्राहकापासून लपवूही नये. वाहनतळाच्या बाबतीत, इमारतीखालील स्टिल्टची जागा बिल्डरला सदनिकेपासून वेगळी काढून विकता येत नाही, ती सामाईक क्षेत्राचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून ‘पार्किंगसह’ अशी जाहिरात करण्यापूर्वी संस्थेच्या वाटपाची लेखी नोंद आणि ती नव्या सभासदाला लागू राहते का, याचे उत्तर सचिवाकडून घेणे अगत्याचे आहे.

किंमत ठरवताना दोन्ही पक्ष जाहिरातींतील आकडे प्रमाण मानतात, हे मोठेच दुर्दैव आहे, कारण ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत. त्याच इमारतीतील किंवा त्याच गल्लीतील अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात आणि त्यांतील मोबदल्याचा रकाना हाच स्थानिक बाजाराचा सर्वांत विश्वसनीय पुरावा आहे. त्याशेजारचा बाजारभावाचा रकाना शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, काढलेला असतो. मुद्रांक शुल्क या दोहोंपैकी जी रक्कम अधिक तिच्यावर आकारले जाते आणि पुणे महापालिका हद्दीत ते उपकरांसह ७ टक्के, मुंबईत ६ टक्के पडते, स्त्री खरेदीदाराला त्यात १ टक्का सवलत मिळते. मोबदल्याचा काही भाग रोखीने घेऊन दस्तात कमी रक्कम दाखवण्याच्या प्रथेने हा पुरावाच नासवला जातो. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो, पण त्याहीपेक्षा गंभीर बाब ही की, कमी दाखवलेली किंमत पुढच्या प्रत्येक प्रामाणिक विक्रेत्याचा आणि पगारातून कर्ज काढणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचा मार्ग अवघड करते, कारण बँक दस्तातील किमतीच्या प्रमाणातच कर्ज देते.

भांडवली नफ्यावरील कराचा हिशेबही विसार घेण्याआधीच व्हावा. २४ महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असलेल्या घराच्या विक्रीवरचा नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा निर्देशांक लावून २० टक्के, यांपैकी कमी पडेल तो कर देता येतो. दुसरे घर घेऊन करसूट मिळवायची असेल तर विक्रीच्या १ वर्ष आधी किंवा २ वर्षे नंतर खरेदी, अथवा ३ वर्षांत बांधकाम, अशी मुदत आहे. व्यवहार ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर ग्राहकाने १ टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो, आणि विक्रेता अनिवासी असेल तर कपातीचे नियम व दर सर्वस्वी वेगळे होतात. अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेल्या मुलामुलींच्या नावे असलेली पुण्यातील घरे विकताना ही बाब हमखास नजरेआड होते.

एक तयारी अशी आहे की जी कोणा एका मालकाला एकट्याने करता येत नाही. मोफा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या कायद्याने आणि त्याखालील नियमांनी, संस्था नोंदल्यापासून, करारात वेगळी मुदत नसल्यास, ४ महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याचे बंधन बिल्डरवर घातले. तरीही असंख्य संस्थांच्या इमारती आजही इतरांच्या नावे असलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बाराच्या उताऱ्यावर मूळ मालकाचे नाव तसेच असते आणि पुनर्विकासाचा विषय निघाला की वाढीव बांधकामाच्या हक्कावर तो किंवा त्याचे वारस दावा सांगतात. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. बिल्डर सही करत नसेल तर संस्था जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करते आणि सुनावणीनंतर तो अधिकारी एकतर्फी हस्तांतराचा आदेश व प्रमाणपत्र देऊ शकतो. अशा संस्थेतील सदनिका विकणाऱ्याला कमी भाव पत्करावा लागतो, आणि ते नुकसान सर्व सभासदांचे समान असूनही विक्री करणाऱ्याखेरीज कोणाला ते जाणवत नाही. घर सोडून जाणारा सभासद या कामात वेळ घालवत नाही आणि राहणारे ते पुढच्या समितीवर सोडतात. सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. येत्या वर्षात घर विकू पाहणाऱ्या सभासदाने मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जाचा ठराव त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यास समितीला आधीच लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच आपल्या घराच्या फाइलीत लावून ठेवावी.