बेटावरची मंडई आणि दगडातला शेतकरी

मुंबई हे बेट आहे, ही गोष्ट भूगोलाच्या पेपरापुरतीच आपल्या लक्षात राहते. सात बेटे जोडून उभ्या राहिलेल्या त्या शहरात भाताचे खाचर नाही; पिण्याचे पाणीसुद्धा १८९२ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या तानसा तलावातून जाते. बेट जगते ते बाहेरून येणाऱ्या टोपल्यांवर. म्हणून तिथली मंडई पाहताना परदेशी पाहुण्याची नजर आणि दिघाशीच्या माणसाची नजर एक असू शकत नाही.

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ साली बांधून झाली. घड्याळाचा मनोरा, उंच छप्पर, रचलेल्या फळांच्या उतरंडी, आंब्याच्या दिवसांतला पेंढ्याचा वास, वाट मागणाऱ्या हमालांच्या हाका. हा गजबजाट मला मनापासून आवडतो, आणि ज्याला आवडत नाही त्याने बाजाराला जाऊ नये! पण आत शिरण्यापूर्वी दारावर नजर टाकावी. तिथे दगडात कोरलेले शेतकरी आहेत. कोरीवकाम जॉन लॉकवुड किपलिंग यांचे. लेखक रुडयार्ड किपलिंगचे हे वडील, शेजारच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवीत असत. शेतकरी दारावर आहे. आत गाळ्यांवर मात्र व्यापारी आहेत. घाऊक फळबाजार १९९६ साली खाडीपलीकडे वाशीला गेला, तिथेही माल आडत्याच्याच हातून जातो.

मंडईला नाव कोणाचे, तर ज्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यांचे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना याच जोतीरावांनी तिथल्या नव्या मंडईच्या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. आज पुण्याच्या त्या मंडईलाही त्यांचेच नाव आहे.

कोणी म्हणेल, भेंडी पिकवायची आणि दिवसभर गाळ्यावरही बसायचे, हे एका माणसाला जमणार कसे? खरे आहे. भेंडी-काकडीपुरता व्यापारी लागणारच. पण रानभाज्यांचे काय? मृगाच्या आगेमागे शेवळी येतात, मग टाकळा, कुरडू, पुढे कंटोली. हा माल आडत्याचा नव्हे. वारली, ठाकूर, कातकरी बायका पहाटे रानात जाऊन तो खुडतात, डोक्यावर घेऊन गाडी पकडतात आणि स्वतः विकतात. शेवळीबरोबर काकडाची फळे देतात, ती घातली नाहीत तर घशाला खाज सुटेल हेही सांगतात. इतकी माहिती देणारा गाळेवाला मला तरी भेटलेला नाही. या बायका बसतात कुठे? स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर, गोणपाट अंथरून, पालिकेची गाडी येते की काय याकडे एक डोळा ठेवून. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांना संरक्षण दिले. परंतु पावसाळ्यापुरत्या येणाऱ्या बाईने परवान्यासाठी कोणत्या खिडकीवर उभे राहायचे?

जोतीरावांच्या नावाच्या मंडईत जून ते सप्टेंबर एक ओटा या बायकांसाठी राखून ठेवावा. भाडे रोजच्या रोज घ्यावे, परवान्याचा कागद मागू नये. वर छप्पर असावे आणि जवळ नळ, म्हणजे दुपारपर्यंत भाजीही टवटवीत राहील.